‘चांगलं काहीतरी द्या ना’ : वाचनालयात नव्याने रुजू झालेल्यांसाठी पुस्तकं सुचवण्याची पद्धत

पुस्तक बदलायला आलेला सभासद जुनं पुस्तक काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, ‘चांगलं काहीतरी द्या ना.’ नव्याने कामाला लागलेला माणूस इथे हमखास गडबडतो. समोरच्याचं ‘चांगलं’ म्हणजे काय ते त्याला माहीत नसतं, आणि मागच्या कपाटांत काय काय आहे तेही अजून पुरतं माहीत झालेलं नसतं. मग नुकतंच परत आलेलं, टेबलावर पडलेलं पुस्तक तो पुढे करतो. असं चार-पाच वेळा झालं की सभासद विचारणं सोडतो. थोड्या दिवसांनी यायचाही थांबतो.

पुस्तक सुचवणं हा देवघेवीच्या कामाचाच भाग आहे आणि तो शिकता येतो. सुरुवात ऋतूपासून करावी असं माझं ठाम मत आहे. तुम्ही नवे असता, सभासद तुम्हाला नवा असतो. दोघांनाही सारखाच ठाऊक असतो तो बाहेरचा पाऊस, नाहीतर वैशाखातलं ऊन. तिथून बोलणं सुरू करणं सोपं जातं. खाली लिहिलेली पद्धत तालुक्याच्या, गावातल्या शासनमान्य वाचनालयासाठी आहे, जिथे ग्रंथपाल, एखादा लिपिक आणि एखादा शिपाई इतकीच माणसं असतात. ‘ड’ वर्गाचं वाचनालय असेल आणि सगळं एकट्यालाच बघायचं असेल, तरी यातलं निम्मं सहज जमेल.

पायरी १ : आधी देवघेवीची नोंद बघा

यादी करायला बसण्याआधी नोंदवही काढा. संगणकावर देवघेव चालत असेल तर मागच्या वर्षीच्या याच महिन्यात काय काय गेलं ते पाच मिनिटांत दिसतं. नसेल, तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी आहेच. कपाटासमोर उभं राहून एकेक पुस्तक उघडायचं आणि तारखा वाचायच्या. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण रुजू झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात यापेक्षा उपयोगाचं दुसरं काम नाही. तारखेच्या चिठ्ठ्यांवरून गावाच्या वाचनाचा अंदाज येतो. कुठल्या कादंबरीची चिठ्ठी भरून वर दुसरी चिकटवलीय आणि कुठलं चरित्र दाखल झाल्यापासून एकदाच बाहेर गेलंय, ते तिथे कळतं.

बघताना वहीत दोन याद्या करा. सतत बाहेर असणाऱ्या पुस्तकांची एक, आणि तीन-चार वर्षांत न हललेल्या, पण तुम्हाला किंवा कुणा सहकाऱ्याला मनापासून आवडलेल्या पुस्तकांची दुसरी. तुमच्या शिफारशींचा खरा माल या दुसऱ्या यादीत आहे. पहिल्या यादीतल्या पुस्तकांना तुमची गरज नाही, ती एकमेकांना सांगूनच फिरतात. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धान्त मांडले त्यांतला दुसरा ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ आणि तिसरा ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’. परीक्षेत हे सगळे पाठ म्हणतात. न हललेल्या पुस्तकांची यादी घेऊन बसलं की तिसऱ्याचा अर्थ नीट कळतो.

प्रतीही आत्ताच मोजून घ्या. एकच प्रत असलेलं पुस्तक फलकावर गाजवलं तर पहिला सभासद ते घेऊन जातो आणि पुढचे दहा जण हिरमुसून परत जातात. अशा वेळी त्याच्या जोडीला दुसरं पुस्तक आधीच ठरवून ठेवा : ‘ते गेलंय, तोवर हे न्या.’

पायरी २ : सहकाऱ्यांना विचारा, पण नीट विचारा

‘तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?’ असं विचारलं की माणूस सावध होतो आणि शाळेत नाव ऐकलेलं एखादं भारदस्त पुस्तक सांगतो. त्यापेक्षा असं विचारा : कुठलं पुस्तक वाचताना जेवण राहिलं? घरच्यांना बळेच वाचायला लावलंत असं कोणतं? कुठलं परत वाचलंत? अशी उत्तरं खरी येतात.

शिपाईदादांना वगळू नका. परत आलेली पुस्तकं कपाटात लावण्याचं काम बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे असतं. कुठलं पुस्तक दुसऱ्या दिवशीच परत येतं, कुठल्याची पानं हळदीच्या आणि चहाच्या डागांनी भरलीत, कुठल्याच्या मध्यावर बसचं तिकीट राहून गेलंय, हे त्यांनी पाहिलेलं असतं. सगळ्यांनी तीन-तीन पुस्तकं सांगावीत, एवढंच ठेवा. कुणी गूढकथा सांगेल, कुणी पाककृतींचं पुस्तक, कुणी शेतीचं. नाक मुरडायचं नाही. नारायण धारपांच्या भयकथा वाचून वाचनाला लागलेली माणसं प्रत्येक गावात आहेत.

पायरी ३ : चिठ्ठी लिहा

शिफारशीची चिठ्ठी पोस्टकार्डाच्या निम्मी असावी. जाड काळं पेन, ठळक अक्षर. काउंटरवरून चष्मा न लावता वाचता आली पाहिजे. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढू नका, तो प्रकाशकाने विक्रीसाठी लिहिलेला असतो. ‘वाचनीय’, ‘उत्कृष्ट’, ‘अप्रतिम’, ‘संग्राह्य’ हे चार शब्द वापरायचे नाहीत असा नियमच करा, कारण ते कुठल्याही पुस्तकाला चालतात.

चिठ्ठीत तीन गोष्टी याव्यात : पुस्तकात काय आहे, कुणाला आवडेल, आणि कुणाला कदाचित आवडणार नाही. तिसरी गोष्ट लिहायला लोक कचरतात. पण तीच वाचून सभासदाचा तुमच्यावर विश्वास बसतो. दोन नमुने देतो.

‘रारंग ढांग. प्रभाकर पेंढारकर. हिमालयात सतलजच्या खोऱ्यात कड्यातून रस्ता खोदणारे लष्करी अधिकारी, मजूर आणि मुंबईहून गेलेला एक तरुण इंजिनिअर. माणसाचा जीव मोठा की नियम, यावरून त्याचं वरिष्ठांशी वाजतं. कामाच्या ठिकाणी कधी अडून बसलेल्यांनी जरूर वाचावं. प्रेमकथेच्या अपेक्षेने नेऊ नये.’

‘स्मृतिचित्रे. लक्ष्मीबाई टिळक. नवऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर घर, नाती, सोवळंओवळं या सगळ्याची उलथापालथ झालेल्या बाईचं आत्मकथन. इतकं सरळ आणि खेळकर लिहिलंय की ऐकत बसल्यासारखं वाटतं. जुन्या काळच्या चालीरीतींचा तपशील भरपूर आहे, त्यात रस नसेल त्यांना सुरुवात संथ वाटेल.’

खाली आपलं नाव लिहा. ‘ग्रंथालय कर्मचारी’ असं लिहिलं की ती सूचना होते. नाव लिहिलं की सभासद परत येऊन त्या नावाच्या माणसाला शोधतो, ‘तुम्हीच सांगितलं होतं ना?’ म्हणून. चिठ्ठी मुखपृष्ठावर चिकटवू नका, डिंकाने कागद उचलला जातो. पुस्तकात वरच्या बाजूने थोडी बाहेर डोकावेल अशी ठेवा. शेवट कुठेही फोडायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

पायरी ४ : वर्षाचं वेळापत्रक

इथे जरा थांबावं लागेल. महाराष्ट्रातल्या वाचनालयाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते शाळेबरोबर, पावसाबरोबर जूनमध्ये सुरू होतं, आणि सगळी गर्दी दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे आणि मे महिन्यात होते.

ज्येष्ठ सरत आला की वारी. रस्त्यावरच्या गावांत पालखी प्रत्यक्ष येते, बाकीच्या गावांतून कुणी ना कुणी गेलेलं असतंच. या दिवसांत दि. बा. मोकाशी यांचं ‘पालखी’ बाहेर काढा. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर चाललेल्या एका लेखकाने उघड्या डोळ्यांनी केलेलं वर्णन आहे ते. भक्तीने न्हालेलं नाही, पण वारकऱ्यांविषयीच्या जिव्हाळ्याने भरलेलं आहे. त्याच्याशेजारी इरावती कर्वे यांचं ‘परिपूर्ती’ ठेवा आणि चिठ्ठीत त्यातल्या ‘वाटचाल’ या लेखाचं नाव लिहा. वारीत एकत्र चालणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात, हे पाहून त्यांना जे वाटलं ते त्या लेखात आहे. ही दोन पुस्तकं एका आठवड्याच्या अंतराने एकाच सभासदाला द्या आणि परत आल्यावर त्याच्याशी बोला. मला विचाराल तर वर्षभरातली सर्वांत चांगली जोडी हीच.

पेरणीच्या दिवसांत खेड्यातल्या वाचनालयात शुकशुकाट असतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तो वेळ पुस्तकांना द्या, कारण पावसाळ्यात दमट भिंतीला टेकलेल्या कपाटात बुरशी धरते. पुस्तकं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून घ्या. शहरात उलट होतं, मुसळधार पावसाचे दोन दिवस गेले की तिसऱ्या दिवशी लोक जाड पुस्तक मागायला येतात. गूढकथा, रहस्यकथा याच महिन्यांत जास्त जातात. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांचे संग्रह या दिवसांत कपाटात राहतच नाहीत, तेव्हा फलकासाठी दुसरं काही शोधा. भटकंती करणाऱ्या तरुण पोरांना गो. नी. दांडेकरांचं ‘माचीवरला बुधा’ द्या. मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर परतलेला एक म्हातारा, त्याचा कुत्रा, झाडं आणि पाऊस, बस्स. शनिवार-रविवारी राजमाचीला जाणाऱ्यांनी ते जाण्याआधी वाचावं.

श्रावण-भाद्रपदात पोथ्या, व्रतकथा, आरत्यांची पुस्तकं मागितली जातात, ती हाताशी असू द्या. ऑगस्टमध्ये १२ तारखेला रंगनाथन यांची जयंती ग्रंथपाल दिन म्हणून साजरी होते. त्या दिवशी हार घालून झाल्यावर कर्मचाऱ्यांच्या आवडीच्या पुस्तकांचं कपाट सुरू करा, मुहूर्त चांगला आहे. कोकणात गणपतीला आणि गोव्यात चवथीला बाहेरगावी गेलेली माणसं घरी येतात. त्यांना सभासद करून घेता येत नसेल, तर घरच्या सभासदाच्या नावावर पातळशी, आठ दिवसांत संपतील अशी पुस्तकं सुचवा.

दिवाळी

यावर वेगळं लिहितो, कारण नव्या माणसाची खरी कसोटी इथे लागते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा. बहुतेक वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते. जास्तीची थोडी वर्गणी भरायची आणि पुढचे तीन-चार महिने एकेक अंक बदलून न्यायचा. त्या काळात पुस्तकांची देवघेव मंदावते आणि सगळं लक्ष अंकांवर जातं.

नोंदणी दसऱ्याच्या आधीच सुरू करा. अंक एकदम येत नाहीत. काही वसुबारसेच्या आधी पोहोचतात, काही भाऊबीज उलटून गेल्यावर. आलेल्या अंकाला लगेच क्रमांक द्या, खाकी कव्हर घाला, आणि मधल्या पिना ढिल्या असतील तर कण्याजवळून दोन टाके घाला, नाहीतर पाचव्या सभासदाच्या हातात मधली पानं सुटी येतात. कव्हरवर अंकाचं नाव मोठ्या अक्षरात लिहा.

आता सुचवण्याचं. सभासद अंकाच्या नावावरून अंक नेतो. ‘मौज’, ‘आवाज’, ‘हंस’ ही नावं त्याच्या ओळखीची असतात. पण अंकात आतमध्ये काय आहे ते त्याला कुणी सांगत नाही. अडीचशे पानांच्या अंकात एखादी कथा किंवा एखादा दीर्घ लेख असा असतो की त्यासाठी तो अंक घरी न्यावा, आणि शिमगा आला की तो लेख कुठे होता हे कुणालाच आठवत नाही. म्हणून कर्मचाऱ्यांनी अंक आपसांत वाटून घ्यावेत. सगळा वाचायला वेळ मिळणार नाही, पण प्रत्येक अंकातली निदान एक कथा आणि एक लेख नीट वाचावा आणि कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहावं : ‘पान इतकं, ही कथा चुकवू नका.’ खाली सभासदांनाही लिहायला जागा सोडा. दोन महिन्यांत त्या कव्हरवर पाच-सहा जणांच्या नोंदी जमतात आणि पुढचा सभासद आधी त्या वाचतो. योजना संपल्यावर या नोंदी वहीत उतरवून घ्या. पुढच्या वर्षी कुठले अंक घ्यायचे आणि कुठले वगळायचे याचा निर्णय करायला याहून चांगला आधार नाही.

मुलांचे अंक मोठ्यांच्या गठ्ठ्यात घालू नका. १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन असतो, शाळांची मुलं त्या दिवशी वाचनालयात येतात. त्यांना तेव्हाच सांगा की दिवाळीत तुमचे वेगळे अंक येणार आहेत.

हिवाळ्यापासून परीक्षांपर्यंत

थंडीत मोठी पुस्तकं चालतात. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, आणि आपली संक्रांतही त्याच सुमाराला येते, त्यामुळे विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ जानेवारीत पुढे ठेवायला निमित्त मिळतं. डिसेंबरमध्ये शांता शेळके यांनी मराठीत आणलेलं ‘चौघीजणी’ काढा, ते नाताळपासूनच सुरू होतं. आईने वाचून मुलीला द्यावं असं पुस्तक आहे.

६ डिसेंबर आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची पुस्तकं आणि दलित आत्मकथनं टेबलावर मांडायची पद्धत आहे, ती पाळाच. पण ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘जिणं आमुचं’, ‘आयदान’ या पुस्तकांना त्या दोन तारखांपुरतं ठेवू नका. ती कुठल्याही महिन्यात, कुठल्याही सभासदाला सुचवण्याची पुस्तकं आहेत. ‘आयदान’ मे महिन्यातल्या कोकणच्या पुस्तकांत ‘गारंबीचा बापू’च्या शेजारी ठेवून बघा. कोकण म्हटलं की खोत आणि आंब्याफणसाच्या बागाच ज्यांना आठवतात, त्यांना त्याच भूमीची दुसरी बाजू दिसते.

२७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी कवितेची पुस्तकं काढा, कारण एरवी त्या कपाटाकडे फारसं कुणी फिरकत नाही. कवितासंग्रह सुचवताना पूर्ण पुस्तक सुचवू नका, एक कविता सुचवा. ती जिथे आहे त्या पानात चिठ्ठी घाला.

फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची मुलं अभ्यासिकेत असतात, पुस्तकांकडे वळत नाहीत. त्यांच्यामागे लागू नका. अभ्यासिकेच्या दाराशी लहान-लहान लेखांची दोन-चार पुस्तकं ठेवली तर पाठ मोकळी करायला उठलेला एखादा उभ्या उभ्या दोन पानं वाचतो.

उन्हाळा

मे महिना मुलांचा. बालविभाग रिकामा होईपर्यंत पुस्तकं जातात आणि मग ‘नवीन नाही का?’ सुरू होतं. एप्रिलमध्येच तयारी करा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही पाचवी-सहावीच्या मुलांना धरून ठेवतो. फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल आणि त्याचं ते ‘ट्टॉक!’ एवढं सांगितलं तरी पुरतं. जरा मोठ्या, एकटं बसून विचार करणाऱ्या मुलांना प्रकाश नारायण संतांचा लंपन द्या, ‘वनवास’पासून सुरुवात करायला सांगा. आठवी-नववीतल्यांना मिलिंद बोकील यांचं ‘शाळा’. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे. जुन्या अंकांचे बांधीव गठ्ठे असतील तर ते माळ्यावरून खाली काढा. आजोबा आणि नातू एकत्र बसून बघतात.

‘श्यामची आई’चे अध्याय म्हणजे ‘रात्री’ आहेत, एकूण ४२. सुट्टीही साधारण तेवढ्याच दिवसांची असते. पालकांना सांगा, रोज रात्री एक रात्र मोठ्याने वाचा. अनेक घरांत हे आवडीने केलं जातं. शहरातून किंवा परदेशातून आजोळी आलेल्या, मराठी बोलता येतं पण वाचताना अडखळणाऱ्या मुलांना मात्र हे जड जाईल. त्यांच्यासाठी माधुरी पुरंदरे यांची चित्रांची पुस्तकं, ‘राधाचं घर’सारखी, खालच्या कप्प्यात ठेवा, आणि ती बाळबोध आहेत असं चुकूनही बोलू नका.

मोठ्यांसाठी उन्हाळ्यात ‘बनगरवाडी’. धनगरांच्या वाडीवर एका तरुण मास्तराची नेमणूक होते, तो गावात रुळतो, आणि मग दुष्काळ पडतो. पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या गावात हे पुस्तक सुचवताना सभासद आपणहून बोलू लागतात. ज्यांना महिनाभर एकाच पुस्तकात राहायचंय त्यांना श्री. ना. पेंडसे यांचं ‘तुंबाडचे खोत’ द्या. दोन खंड आहेत. पहिला देतानाच दुसरा त्याच नावावर राखून ठेवा.

आणि संबंध वर्षाला पुरेल असं एक पुस्तक आहे, दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यागणिक निसर्गाविषयी लेख. मराठी महिना पालटला की फलकावर लिहा, ‘या महिन्याचा लेख वाचा’, आणि पुस्तक वाचनकक्षातच ठेवा म्हणजे सगळ्यांना मिळेल. लेख बसल्या बैठकीला वाचून होतो.

पायरी ५ : मांडणी

प्रवेशातून आत आल्यावर नजर जाते तिथे, काउंटरच्या बाजूला एक छोटी मांडणी पुरे. पुस्तकं आडवी-उभी कोंबू नका, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवा. दहा-बारा पुस्तकं खूप झाली. एक गेलं की त्याच दिवशी दुसरं ठेवा, रिकामी मांडणी वाईट दिसते. पुस्तकावर ऊन येत नाही ना, तेवढं बघा. अनेक जुन्या वाचनालयांत कपाटं बंद असतात आणि सभासदाला आत सोडत नाहीत. तिथे तर सभासदाने हातात घेऊन चाळावीत अशी हीच काय ती पुस्तकं, म्हणून तिथे ही मांडणी अगत्याने करा.

पायरी ६ : काउंटरवर बोला

चिठ्ठी लिहून काम संपत नाही. बोलणं असं व्हावं :

‘काकू, मागचं कसं वाटलं?’

‘बरं होतं.’

‘बरं होतं’ म्हणजे बहुधा अर्धवट सोडलं. तिथेच थांबू नका.

‘कुठपर्यंत गेलात?’

‘अहो, माणसंच इतकी त्यात, कोण कुणाचा दीर नि कोण कुणाची जाऊ, कळेचना.’

झालं, हवी ती माहिती मिळाली. काकूंना कंटाळा वाचनाचा नाही, पात्रांच्या गर्दीचा आहे.

‘मग हे न्या. यात माणसं मोजकी आहेत, आणि लहान आहे. नाही आवडलं तर दोन दिवसांनी परत आणा, मी दुसरं काढून ठेवते.’

‘कोणतं आवडलं’ यापेक्षा ‘कोणतं अर्ध्यात सोडलं’ या प्रश्नातून जास्त कळतं. शक्यतो दोन पुस्तकं पुढे करा आणि त्यांतलं एक त्यांना निवडू द्या; एकच पुढे केलं की संकोचाने नेतात आणि न वाचता परत आणतात. समोर आजोबा असतील आणि त्यांचं वाचन तुमच्यापेक्षा दांडगं असेल, तर सुचवण्याऐवजी विचारा, ‘सर, तुम्ही वाचलेल्यातलं मी काय वाचावं?’ त्यांनी सांगितलेलं खरंच वाचा, आणि पुढच्या भेटीत त्यावर बोला. मग ते तुमचंही ऐकतात.

एक पथ्य कडक पाळा. कोण काय वाचतं हे दुसऱ्याला सांगायचं नाही. आजारपणावरचं, घटस्फोटाच्या कायद्यावरचं, व्यसनमुक्तीवरचं पुस्तक कुणी नेलं तर ते नोंदवहीत राहावं, गावात जाऊ नये. ‘तुमच्या सूनबाईंनी हेच नेलं होतं’ असं कौतुकानेसुद्धा बोलू नका.

दुसरं पथ्य शिफारशीच्या कपाटाचं. स्थानिक लेखक पुस्तक भेट देतात, समितीतले सदस्य एखादं नाव सुचवतात, निवडणुकीच्या दिवसांत चरित्रं येऊन पडतात. त्यांच्यासाठी ‘नवीन दाखल’ असा वेगळा कप्पा करा आणि तिथे आदराने ठेवा. कर्मचाऱ्यांच्या आवडीच्या कपाटात फक्त कर्मचाऱ्याने वाचलेलं आणि स्वतःहून निवडलेलंच जाईल, हे ग्रंथपालांशी आधीच बोलून ठरवून घ्या. पुढे कुणाला नाही म्हणायची वेळ आली की ‘इथली ही पद्धतच आहे’ असं सांगता येतं.

पायरी ७ : परत आल्यावरची वही

काउंटरच्या खणात एक साधी वही ठेवा. पुस्तकाचं नाव, कुणी सुचवलं, आणि परत आल्यावर सभासद काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत. सभासदाचं नाव लिहायचं नाही. ‘शेवट पटला नाही’, ‘अक्षर बारीक’, ‘दुसरा भाग आहे का’, ‘रडू आलं’. दर तीन महिन्यांनी ती वही घेऊन सगळ्यांनी अर्धा तास बसावं. जी चिठ्ठी कुणालाच पुस्तकापर्यंत नेत नाही ती बदला. पुस्तक तेच ठेवून चिठ्ठी दुसऱ्या सहकाऱ्याकडून लिहून घेतली तर कधीकधी ते लगेच जातं.

‘अक्षर बारीक’ अशा नोंदी वाढल्या तर पुढच्या ग्रंथखरेदीत त्या पुस्तकाची मोठ्या टाइपातली आवृत्ती मिळते का ते बघा. ‘दुसरा भाग आहे का’ हे दोनदा विचारलं गेलं असेल तर तो भाग यादीत घाला. खरेदी बहुतेक ठिकाणी आर्थिक वर्षअखेरीच्या आसपास होते आणि यादी घाईघाईत विक्रेत्याच्या सूचीवरून केली जाते. तुमची वही जानेवारीतच समितीपुढे ठेवा, सोबत प्रत्येक पुस्तकाची मागणी किती वेळा आली ते लिहा. एकाच प्रतीवर वर्षभर रांग लागलेलं पुस्तक असेल, तर दुसरी प्रत मागायला हाच पुरावा पुरतो.